पुढचं वाक्य

भिंगरीला बसून काम करता येत नसे. कोशाच्या कचेरीत तिच्या वाटणीची खुर्ची होती, खुर्चीवर बरीशी गादीही होती, पण त्या गादीवर बसत चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि भिंगरी आपली उभी. खिडकीच्या कट्ट्यावर चिठ्ठी ठेवून चार शब्द लिहायचे, पुटपुटत दारापर्यंत जाऊन यायचं आणि त्यातले दोन खोडायचे, असं तिचं दिवसभर चाले. शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ काम करत त्यांना सगळे वामकुक्षी म्हणत. का म्हणत ते दुपारी कचेरीत आलेल्या कुणालाही सांगावं लागत नसे. ते जागे असले की म्हणत, "ही बाई कचेरीतल्या कचेरीत जेवढं चालते, तेवढं सरळ चालली असती तर आतापर्यंत समुद्राला लागली असती."

भिंगरी हे नाव तिच्या थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. पायाला भिंगरी लावल्यासारखी पोर, म्हणून. एकदा ताईनं कचेरीत फोन करून "जरा भिंगरीला बोलवा" म्हटलं आणि तेव्हापासून ते नाव कचेरीतही येऊन चिकटलं. आता भिंगरीची पन्नाशी आली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण पाय काही ऐकत नव्हते.

कोश होता इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ देणारा, भलामोठा, खंडामागून खंड. लाकडाच्या गोदामावरच्या मजल्यावर कचेरी, खाली करवत चालायची आणि वर शब्द. संपादकांचं टोपणनाव पूर्णविराम, कारण ते बोलले की त्यापुढे कुणाला बोलता येत नसे. आणि अशा कचेरीत, अशा बाईच्या वाट्याला क्रियापद आलं तेही 'रन'. पूर्णविरामांनी मुद्दाम दिलं, असं वामकुक्षींचं म्हणणं. मुद्दाम असो नसो, दुसरं वर्ष उजाडलं तरी ती नोंद संपत नव्हती.

संपणार कशी? भिंगरी ताईला जेवताना सांगायची, "अगं, इंग्रज माणूस जिथे तिथे पळतो. त्याचं नाक पळतं, आपलं गळतं. त्याचा नळ पळतो, आपला वाहतो. धुण्यात त्याचा रंग पळतो, आपला जातो. दुकान तो पळवतो, आपण चालवतो. आपल्याकडे दुकान पळवलं तर पोलीस येतील. आणि गंमत म्हणजे निवडणुकीला तो पळतो, तिथे आपण उभे राहतो." ताईला हसू आवरायचं नाही. निवडणुकीचं तर तिनं तिच्या कारखान्यातल्या सगळ्या मुलींना सांगितलं होतं.

शब्दाचं मूळ शोधताना तर भिंगरीला जेवणखाण सुचत नव्हतं. जुन्या इंग्रजीत म्हणे दोन वेगळी क्रियापदं होती. एक आपण धावण्याचं, पाणी वाहतं तसं वाहण्याचं. दुसरं धावायला लावण्याचं, घोडा दौडवण्याचं. लोकांच्या तोंडी दोन्ही एकमेकांत मिसळली आणि त्यांचं हे एक झालं. चीज करताना दूध ज्यानं साकळवतात त्या रसाचं इंग्रजी नावही याच घराण्यातलं. ताईनं घास चावत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एक पळणारी आणि एक पळायला लावणारी. आपल्याच दोघी की." मग म्हणाली, "आता ते इंग्रजीत म्हणून दाखव." हे तिचं नेहमीचं. तिला कळायचं काही नाही, पण धाकटीच्या तोंडून इंग्रजी ऐकताना तिचा चेहरा असा काही व्हायचा, की भिंगरी कितीही दमलेली असली तरी दोन वाक्यं म्हणून दाखवायची.

त्यामागे कारण होतं. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईनं शाळा सोडली आणि शर्टाच्या कारखान्यात कापडाचे तुकडे गोळा करायला लागली. पुढे तिच्या हाती कातर आली, मग मोठं कापायचं यंत्र आलं, आणि आता ती तिथली कटिंग मास्टर होती. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, खडूनं आखायचं, आणि एका दमात शंभरेक शर्टांच्या बाह्या कापून काढायच्या. तागे स्वतः खांद्यावर घेऊन यायची, पोरींना हात लावू द्यायची नाही, त्या वाकडे टाकतात म्हणून. त्या कातरीवर भिंगरीचं शिक्षण झालं. लग्नं दोघींचीही राहून गेली, ताईचं भिंगरीपायी आणि भिंगरीचं कोशापायी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी राहत. बाहेर कुणी विचारलं तर ताई आपल्याविषयी एक अक्षर बोलत नसे, पण "आमच्या धाकटीचं इंग्रजी" म्हणून सुरू झाली की समोरच्याची बस चुकायची.

आता कचेरीतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. शब्दाचा एखादा प्रयोग कुठे सापडला, छापलेला किंवा कुणी बोललेला, की तो चिठ्ठीवर उतरवायचा. पण नुसतं वाक्य चालत नसे. चिठ्ठीवर वर 'मागचं' आणि खाली 'पुढचं' अशा दोन जागा असत. आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य लिहिल्याशिवाय चिठ्ठी पुरी झाली असं पूर्णविराम मानत नसत. ते म्हणत, एकटं वाक्य म्हणजे रस्त्यावर सापडलेलं मूल, आधी त्याच्या घरच्यांचा पत्ता काढा. भिंगरीच्या चिठ्ठ्या या बाबतीत नमुना म्हणून नव्या माणसांना दाखवत. तिला ही सवय इतकी जडली होती, की घरीही ती कुणाचं काही सांगायला लागली की मागचं-पुढचं धरून सांगायची. दूधवाला "उद्या येणार नाही" म्हणाला एवढं सांगायला तिला पाच मिनिटं लागत.

आणि एका चिठ्ठीवरून तिचं पूर्णविरामांशी बिनसलं होतं. एखादी गोष्ट निर्णयाआधी दुसऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून घालायची असली तर इंग्रजीत ती त्याच्यापुढून 'रन' करतात. पुस्तकांत हा प्रयोग होता, पण पूर्णविराम म्हणाले, आपल्या आसपास असं कुणी बोलत नाही, उगाच नोंद फुगवू नका, काढा. भिंगरी म्हणाली, बोलतात. ते म्हणाले, मग बोललेलं आणून दाखवा. झालं, तेव्हापासून ती बँकेत, बसच्या रांगेत, लिफ्टमध्ये, जिथे म्हणून कुणी इंग्रजी बोलेल तिथे कान टवकारून उभी राहायची. महिने गेले तरी कुणाच्या तोंडून ते वाक्य पडेना.

त्या सुमारास ताईची तक्रार सुरू झाली. पोटात, बेंबीच्या जरा वर, काहीतरी उडतं म्हणायची. "हात लावून बघ, काळीज खाली सरकल्यासारखं वाटतं." आधी तिनं चालढकल केली, मग भिंगरीनं ओढून मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, फोटो निघाले, आणि मंगळवारी निकाल ऐकायला दोघी डॉक्टरांपुढे जाऊन बसल्या. म्हणजे ताई बसली. भिंगरी खुर्चीची पाठ धरून उभी होती.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी मराठीतच सुरुवात केली होती, पण ताईनं कोपरानं ढोसलं, "इंग्रजीत बोल गं." भिंगरीनं एक प्रश्न इंग्रजीत विचारला. झालं, डॉक्टरांनाही बरं वाटलं आणि तेही इंग्रजीत सुरू झाले. ताई कृतकृत्य होऊन एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला, काही मापं सांगितली, फाइल माझ्याकडे राहू द्या म्हणाले, आणि मग म्हणाले, "लेट मी रन धिस पास्ट द सर्जन."

भिंगरीच्या अंगातून वीज गेली. इतके महिने जे वाक्य हुलकावण्या देत होतं ते समोरच्या माणसानं सहज टेबलावर ठेवलं होतं. पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्या असायच्याच. तिनं एक काढली, डॉक्टरांच्याच टेबलावर वाकली आणि लिहायला लागली. वाक्य, तारीख, कोण बोललं, कुठे बोललं. मागचं: फाइल माझ्याकडे राहू द्या. डॉक्टर बोलत होते, ती लिहिता लिहिता "हं, हं" करत होती, आणि मनात आधीच पूर्णविरामांचा पडलेला चेहरा बघत होती. 'पुढचं' लिहायला पेन खाली आलं तेव्हा डॉक्टर उठून उभे राहिले होते आणि पुढचा पेशंट दारातून आत येत होता.

जिन्यावर ताईनं विचारलं, "काय म्हणाला गं?"

भिंगरीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं आपल्याकडे काही नाही. मागे फिरावं, परत विचारावं, हे सुचलंही. पण मग ताईला काय सांगायचं? ज्या इंग्रजीसाठी तू शाळा सोडलीस, ते आज पहिल्यांदा तुझ्या उपयोगी पडायचं होतं, तेव्हा मी दुसरंच करत होते?

"ठीक आहे," ती म्हणाली.

ताईनं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि कठड्याला धरून उतरायला लागली.

त्या रात्री भिंगरीला झोप लागली नाही आणि सकाळी तर ती खोल्यांमधून अशी फिरत होती की खालच्या मजल्यावरच्यांनी काठीनं छत ठोकलं. ती स्वतःची समजूत घालत होती. काही गंभीर असतं तर त्यांचा आवाज बदलला असता. पण तिला त्यांचा आवाजही आठवत नव्हता. सर्जन हा शब्द मात्र आठवत होता, तो तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. लिहिताना तिला फक्त त्याच्या आधीचं क्रियापद दिसलं होतं. आता तेवढा एकच शब्द दिसत होता.

ताई डबा भरत होती. भिंगरी म्हणाली, "आज नको जाऊस कामाला."

"का? ठीक आहे म्हणालीस ना?" ताई तिच्याकडे रोखून बघत म्हणाली.

"हो. ठीक आहे."

"मग जाते."

कचेरीतून भिंगरीनं दवाखान्यात फोन लावला. आधी यंत्रातली बाई बोलली, मग बराच वेळ बाजा वाजला, मग एक खरीखुरी बाई म्हणाली की डॉक्टर आता गुरुवारी दुपारीच भेटतील. भिंगरी उलट सुटल्यासारखी झाली. गुरुवारी बघू. तोवर तिनं कशालाच धड हात लावला नाही. एक चिठ्ठी तीनदा लिहिली आणि तीनदा चुकवली. वामकुक्षी जागे झाले आणि म्हणाले, "आज तुम्ही फारच पळताय, नोंद अंगात आली काय?" ती हसलीसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी आली तर ताईनं वेगळंच काढलेलं. गॅसचा रेग्युलेटर कसा बसवायचा ते शिकून घे म्हणाली. पाण्याची मोटर अडली तर कुठे चापट मारायची ते दाखवलं. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगितलं, जे भिंगरीला माहीत होतं. कारखान्यात एका मुलीला यंत्र चालवायला शिकवतेय म्हणाली, बरी आहे पोरगी, हात स्थिर आहे. भिंगरीला वाटलं, डॉक्टरांकडून सुटल्याचा हुरूप असेल. तिचं अर्धं लक्ष गुरुवारकडे होतं. खरं सांगायचं तर त्या घरात त्या दिवशी कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं, असं नव्हतं. ताईचं पुरतं होतं.

गुरुवारी सकाळी वाचन होतं. वाचन म्हणजे पुरी होत आलेली नोंद सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायची. तिथेही एक रीत: ज्याची नोंद, त्यानं वाचायचं नाही आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. गप्प बसून ऐकायचं. विचारलं तरच उत्तर द्यायचं. बाकीच्यांना हे बरं वाटे, भिंगरीला मात्र ही शिक्षा होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती बसली. वामकुक्षी वाचत होते. पहिला अर्थ, पायांनी वेगानं जाणे, हा तिनं पहिल्याच दिवशी उभ्याउभ्या लिहून टाकला होता आणि त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. मग नाक, नळ, रंग, दुकान. निवडणुकीपाशी सगळे हसले. दुपार झाली तरी वाचन पुढे सरकत होतं आणि भिंगरीचे पाय टेबलाखाली आपोआप हलत होते.

मग ती चिठ्ठी आली. पूर्णविरामांनी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, चष्मा वर करून वाचली.

"बोललेलं आहे. अस्सल आहे," ते म्हणाले. "मी हरलो, बाई. कोण म्हणालं हे?"

"डॉक्टर."

"छान." त्यांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली. "पुढचं?"

भिंगरीचे टेबलाखालचे पाय थांबले.

"पुढचं कोरं आहे," पूर्णविराम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तुमच्या चिठ्ठीत? अहो, तो हे सर्जनला कशासाठी दाखवणार, ते पुढच्याच वाक्यात असणार ना. नुसतं मत हवंय, की काही करायला सांगायचंय? त्याच्याशिवाय आपण अर्थ काय द्यायचा?"

ते कोशाविषयीच बोलत होते. त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काय माहीत. पण भिंगरीचा जीव दोन दिवस ज्या खुंटीला टांगलेला होता, नेमक्या तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. ती उठली. वाचनाच्या मध्ये आजवर कुणी उठलं नव्हतं.

"आणते," ती म्हणाली आणि पर्स घेऊन बाहेर पडली. वामकुक्षी मागे म्हणत होते, याला म्हणतात निष्ठा. जिना उतरताना ते तिच्या कानावर पडलं आणि तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर नुकतेच आले होते. शिपायानं अडवलं तर ती त्याच्या हाताखालून आत शिरली. "मंगळवारी तुम्ही म्हणालात, सर्जनला दाखवतो," ती उभ्यानंच म्हणाली, "त्याच्यानंतर काय म्हणालात?"

डॉक्टरांना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी तिला ओळखलं. "म्हणजे? तुम्ही लिहून घेत होतात की. मला वाटलं, किती काळजीनं लिहून घेताहेत."

"मी दुसरं लिहीत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. काय दुसरं, हे त्यांनी विचारलं नाही. आता ते मराठीत बोलले, सावकाश, एकेक वाक्य सुटं करून, आणि ते तिला जास्त लागलं. "तुमच्या ताईंच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. फुटली तर वेळ मिळत नाही. पण वेळेत ऑपरेशन केलं तर माणूस चांगला जगतो. सर्जननी आता फाइल बघितली आहे. शुक्रवारी, म्हणजे उद्या सकाळी, उपाशीपोटी आणा, हे मी त्या दिवशीच सांगितलं होतं. आणि तोपर्यंत त्यांनी जड काहीही उचलायचं नाही, हेही सांगितलं होतं. उचलत नाहीत ना त्या?"

भिंगरी दारात पोचली होती.

रिक्षासाठी ती क्षणभर थांबली, पण तिला उभं राहवेना. कारखाना दोन चौकांपलीकडे होता. ती धावायला लागली. आयुष्यभर चालत होती ती, येरझाऱ्या घालत होती, पण धावली नव्हती कधी, शाळा सुटल्यापासून तर नाहीच. चपलेचा अंगठा तुटला तशी चपला हातात घेतल्या. पर्समधून कोऱ्या चिठ्ठ्या सांडल्या, कुणीतरी मागून हाक मारली, "अहो बाई, तुमचे कागद." गुडघ्यांत कळा येत होत्या, छातीत भाता चालला होता. तिच्या डोक्यात शब्द नव्हता, अर्थ नव्हता, फक्त निळ्या कापडाचा तागा होता आणि त्याखाली ताईचा खांदा.

कारखान्यात यंत्रांची घरघर चालू होती. ताई मांडणीपाशी होती, दोन्ही हात ताग्याखाली घातलेले, उचलायच्या बेतात.

"ताई, ठेव ते. ठेव खाली."

ताईनं मान वळवली. अनवाणी, घामाघूम, हातात चपला, अशी धाकटी बघून तिनं हात काढून घेतले. मुलींना म्हणाली, तुम्ही चालू द्या. आणि भिंगरीला मांडणीमागे, ताग्यांच्या आडोशाला घेऊन गेली. तिथे एक स्टूल होतं. दोघींपैकी कुणी बसलं नाही.

"सांगायला आलीस ना?" ताई म्हणाली. "मला कळलंय गं. मंगळवारीच कळलं. दूधवाला काय म्हणाला ते सांगायला तुला पाच मिनिटं लागतात. आणि डॉक्टर एवढा वेळ बोलला, त्याचं तू दोन शब्दांत आटपलंस. ठीक आहे म्हणे. तू मला आजवर कधी दोन शब्दांत काही सांगितलंयस? मी तिथेच समजले, माझं काही खरं नाही. म्हटलं, पोरीला सांगवत नाहीये, तर आपण तरी कशाला विचारावं. म्हणून त्या पोरीला यंत्र शिकवायला घेतलं. तुला गॅसचं दाखवलं. तू किती सोसलंस दोन दिवस, मला दिसत होतं."

ताईनं भिंगरीसाठी एक बरीशी गोष्ट तयार करून ठेवली होती. त्या गोष्टीत धाकटी मायाळू होती, थोरलीला दुःख नको म्हणून मूग गिळून बसलेली. त्या गोष्टीत नुसतं मान हलवून शिरायचं होतं. कुणाला कधी कळलं नसतं. आणि भिंगरीला तसं करावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"तसं नाही ताई," ती म्हणाली. "मी लपवलं नाही. मला माहीतच नव्हतं. तो बोलत होता तेव्हा मी ऐकत नव्हते. त्याच्या तोंडून मला हवं ते वाक्य आलं, ते मी चिठ्ठीवर लिहीत बसले. पुढचं काहीच ऐकलं नाही. तुला सांगायची लाज वाटली म्हणून ठीक आहे म्हणाले. आत्ता जाऊन विचारून आले."

पलीकडे यंत्र थांबलं, परत सुरू झालं. ताईचा चेहरा कधी नव्हे इतका म्हातारा दिसत होता.

"चिठ्ठी लिहीत होतीस," ती म्हणाली.

"हो."

"मी दोन दिवस मरून बसले होते गं. काल रात्री तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, तू जागी होतीस की नाही कोण जाणे. मनात निरोप घेत होते." ती थांबली. "आणि तागे उचलत होते. जायचंच आहे तर ही शर्टं तरी पुरी होऊ देत, म्हणून जास्तच उचलत होते."

भिंगरीला रडू फुटलं. ताईनं तिला जवळ घेतलं नाही. पदरानं स्वतःचं तोंड पुसलं, कमरेची कातर सोडून मांडणीवर ठेवली आणि पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"बस. आधी खाली बस."

भिंगरी बसली.

"मला राग आलाय. तो मी घरी काढीन," ताई म्हणाली. "आता सांग. तो काय म्हणाला, पहिल्यापासून. आणि इंग्रजीत नको."

भिंगरीनं सांगितलं. रक्तवाहिनी फुगली आहे, म्हणाली. ताई म्हणाली, "पुढे?" जड उचलायचं नाही. "पुढे?" फुटली तर वेळ मिळत नाही. ताईनं मांडणीला हात टेकला, पण म्हणाली, "पुढे?" वेळेत ऑपरेशन केलं तर माणूस चांगला जगतो. हे ताईनं पुन्हा म्हणायला लावलं. उद्या सकाळी उपाशीपोटी बोलावलंय, सर्जन बघणार आहेत.

"पुढे?"

"पुढचं ते उद्या सांगतील."

"मग उद्या त्या चिठ्ठ्या घरी ठेवून ये," ताई म्हणाली. "हात रिकामे ठेव. मला भीती वाटतेय, माझा हात धरावा लागेल तुला."